टॉन्सिलचं ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत: सहा वर्षांच्या मुलाला आधी किती सांगायचं?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत व्हीएमसी (धातू कापायचं मशीन) ऑपरेटर आहे, राहायला अशोकनगरला. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. घरी त्याला चिकू म्हणतो, इथेही तेच नाव चालवतो.

त्याचे टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) दोन्ही काढायचं ठरलंय. वर्षभरात सात वेळा ताप आणि घसा झाला, जुलैत निम्मी शाळा बुडाली. पण डॉक्टर म्हणाले, घशापेक्षा घोरण्याकडे बघा. सेकंड शिफ्ट करून रात्री साडेबाराला घरी येतो तेव्हा जेवायच्या आधी त्याच्या उशाशी उभा राहतो. मोठ्या माणसासारखा घोरतो. मधेच आवाज बंद. मी मोजतो. आठ, नऊ, दहा सेकंद काहीच नाही, मग हिसका देऊन श्वास घेतो आणि कूस बदलतो. एक्स-रेमध्ये नाकामागची गाठ दिसली, हवेला जायला जागाच उरलेली नाही.

तारीख भाऊबीजेनंतरच्या सोमवारची आहे, म्हणजे शाळा बुडणार नाही. प्रश्न वेगळाच आहे. घरात दोन पक्ष पडलेत. माझी आई म्हणते, पोराला काही सांगू नका, 'सोमेश्वरला धबधबा बघायला चाललोय' म्हणा, तिथं गेल्यावर कळेलच. बायको म्हणते आदल्या रात्री सांगू, उगाच आठवडाभर रडवायचं कशाला.

आता माझं. मी सात वर्षांचा असताना मांडीला गळू झालं होतं. वडील म्हणाले चल सोमेश्वरला, सायकलच्या दांडीवर बसवलं आणि दवाखान्यात नेलं. चौघांनी धरलं. आज अडतीस वर्षांचा आहे. गळू फोडताना किती दुखलं ते आठवत नाही, पण सोमेश्वरचा रस्ता सोडून सायकल ज्या वळणाला वळली ते वळण आजही दिसतं. आणि आता आई तोच सोमेश्वर परत काढतेय! तिला हे बोललो तर म्हणाली, 'मग, मेलास का?'

तर ज्यांनी यातून मूल नेलंय त्यांनी सांगा, किती आधी सांगितलं, कुठल्या शब्दांत सांगितलं. शिवाय नंतरचे दिवस कसे जातात तेही. घरात फराळाचे डबे भरलेले असणार आणि ह्याचा जीव चकलीत. आठव्या-नवव्या दिवशी येवल्याला सासुरवाडीला जाऊन यायचा विचार आहे, तो बरोबर की चूक?

नाशिकरोडची आई

येवल्याला नेऊ नका. बाकीचं नंतर, हे आधी.

माझ्या मुलीचं दोन वर्षांपूर्वी झालं, तेव्हा ती सातची होती. ऑपरेशनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती इतकी छान होती की मला वाटलं लोक उगाच घाबरवतात. दुसऱ्या दिवशी घरी, गारेगार रव्याची खीर, टीव्ही. चौथ्या दिवसापासून खरं सुरू झालं. कान दुखतो म्हणून रात्रभर रडली. मी कानाच्या डॉक्टरकडे जायला निघाले होते. मग कळलं की घशाची आणि कानाची संवेदना नेणारी नस एकच आहे, दुखतं घशात आणि जाणवतं कानात. तोंडाला असा वास, की मांडीवर घेऊन मान फिरवावी लागायची. आत बॅटरी मारून पाहिलं तर दोन्ही बाजूंना पांढरट थर. मला वाटलं पू झाला. ती खपली असते. हातावरची खपली कोरडी म्हणून तपकिरी दिसते, घशातली ओली म्हणून पांढरी. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून तुम्हाला सांगतेय.

ती खपली पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान सुटते आणि रक्त येण्याचा धोका तेव्हा असतो. आमचं सातव्या रात्री झालं. मी शेजारी झोपले होते, अंधारात तिच्या घशाचा आवाज येत होता, गटक, गटक, गटक. झोपेत पाणी पितेय असा. लाइट लावला तर ओठाच्या कोपऱ्यात लाल. तिला बसतं केलं, पुढे वाकवून थुंकायला लावलं, खायला-प्यायला काही दिलं नाही आणि नवऱ्याने आहे त्या कपड्यांत गाडी काढली. अडीच वाजता हॉस्पिटलच्या दारात होतो. तिथे पोहोचेपर्यंत थांबलं होतं, तरी एक रात्र ठेवून घेतलं. पुन्हा टेबलवर न्यावं लागलं नाही. पण त्या रात्री आम्ही येवल्यात असतो तर? म्हणून दोन आठवडे नाशिक सोडू नका. थुंकीत एखादी गुलाबी रेघ वेगळी आणि ताजं लाल रक्त वेगळं. ताजं दिसलं की फोन करत बसायचं नाही, निघायचं. रात्रीच्या गाडीची सोय आजच बघून ठेवा.

दुखण्याचं औषध डॉक्टर वजनाप्रमाणे लिहून देतील. ते घड्याळ बघून द्या, रडण्याची वाट बघून नाही. पहिले पाच-सहा दिवस मी रात्री दोनचा गजर लावायचे. एकदा दया येऊन झोपू दिलं, तर सकाळी सहाला घसा असा कोरडा पडला की थुंकीही गिळेना, आणि गिळत नाही म्हणून औषधही जाईना. तो अर्धा दिवस मला जन्मात विसरता येणार नाही.

आणि खाण्यापेक्षा पिणं बघा. दोन दिवस जेवला नाही तर काही बिघडत नाही, पाणी मात्र पोटात गेलंच पाहिजे. मी फ्रीजवर कागद लावला होता, एक वाटी प्यायली की तिने त्यावर पेनाने एक मासा काढायचा. दिवसाला किती मासे ते मी ठरवलं नव्हतं, तिचं तिनेच ठरवलं बारा. लघवीकडे लक्ष ठेवा. गडद पिवळी झाली किंवा सकाळपासून दुपारपर्यंत झालीच नाही तर डॉक्टरांना कळवा.

पंचवटीतला

सातपूरकर भाऊ, राग मानू नका पण एवढ्या लहान पोराला कापायची घाई कशाला? टॉन्सिल म्हणजे घशातले पहारेकरी, ते काढले की प्रतिकारशक्ती जाते. माझ्या पुतण्याला हळद-दूध आणि गुळण्यांवर दहावीपर्यंत आणला, आता ठणठणीत आहे.

सातपूरकर

राग कसला काका. आम्हीही दीड वर्ष हळद-दूधच दिलं. पण तुमचा पुतण्या झोपेत श्वास घ्यायचा थांबत होता का? एक रात्र माझ्याकडे या, उशाशी उभे राहा, मग बोलू.

निवृत्त सिस्टर

छत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी मुलांच्या वॉर्डात. थोडं लांबेल.

पंचवटीकर म्हणतात ते अगदीच टाकाऊ नाही. वर्षात दोन-तीनदा घसा येणाऱ्या मुलाला डॉक्टरही थांबायला सांगतात, वयाबरोबर त्या गाठी आपोआप लहान होतात. पण श्वास अडतोय तिथे वाट बघण्यात अर्थ नाही. पहाऱ्याचं म्हणाल तर जिभेच्या मुळाशी आणि घशात तशाच आणखी गाठी असतात, त्या काम सांभाळतात.

आता मूळ प्रश्न. सहा वर्षांच्या मुलाला चार-पाच दिवस आधी सांगावं. तीन वर्षांच्याला आदला दिवस पुरतो, त्याला 'पुढच्या सोमवारी' म्हणजे काय तेच कळत नाही. सहाव्या वर्षी कळतं, आणि प्रश्न विचारायला त्याला वेळ लागतो. पहिल्या दिवशी तो काहीच विचारत नाही. दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना एक, तिसऱ्या दिवशी गाडीवर मागे बसून एक. ते प्रश्न येऊ द्यायचे. फसवून आणलेली मुलं मी ओळखायची, कारण ती आईकडे बघून रडत नाहीत, भिंतीकडे बघून रडतात. आणि एकदा फसला की पुढे कडू औषधालासुद्धा तोंड उघडत नाही. तुम्हाला दहा दिवस त्याला औषध पाजायचंय हे आजीबाईंना सांगा, पटेल.

'अजिबात दुखणार नाही' म्हणू नका. दुखणार आहे. 'ऑपरेशन चालू असताना काही कळणार नाही, नंतर घसा दुखेल, त्यासाठी औषध आहे आणि मी तिथेच आहे' एवढं बास.

उपाशी ठेवण्यावर घरोघरी तडजोड होते, तिथे कडक राहा. साधारण सहा तास आधीपासून जेवण, दूध, बिस्कीट बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. नेमकी वेळ तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील, तीच पाळायची. दूध हे पाणी नाही, ते अन्नात मोजायचं. भुलेत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून हे. मी अशा आज्या पाहिल्यात ज्यांनी पदराआडून पार्लेचा पुडा सरकवला. मग ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि दोष सिस्टरला.

सहा वर्षांचा म्हणजे पुढचा दात हलत असणार. हलत असेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, नळी घालताना सुटला तर आत जाऊ शकतो. करगोटा, ताईत, कानातली बाळी, सगळं घरीच काढून ठेवा, चांदीचा करगोटा तर नक्कीच. रक्त थांबवायला विजेचं यंत्र वापरतात, धातू नको. बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, तिथे ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात. आदल्या दोन-तीन दिवसांत सर्दी, ताप, खोकला झाला तर लपवू नका, तारीख पुढे जाते तर जाऊ दे. हाताला बधिर करणारं मलम मिळतं, सुईच्या तासभर आधी लावायचं असतं, त्याबद्दल विचारा. विचारल्याशिवाय सगळीकडे लावतातच असं नाही.

शुद्धीवर येतानाची अर्धी घटका आईबापांना जड जाते. मूल हातपाय झाडतं, ओरडतं, आईलाच ढकलतं, 'घरी चल' म्हणतं. औषध उतरताना असं होतं आणि त्याला पुढे त्यातलं काही आठवत नाही. एखादी काळपट उलटी झाली तर दचकू नका, ते गिळलेलं जुनं रक्त. नाकातोंडातून लाल येत असेल तर मात्र हाक मारा.

घरातली उरलेली खोकल्याची बाटली देऊ नका. काहींमध्ये कोडीन असतं. टॉन्सिल काढलेल्या मुलांना ते देऊ नये असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१३ सालीच दिला आहे, काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं आणि श्वास मंदावतो. अ‍ॅस्पिरिनही नाही.

आणि फटाके. तुळशीच्या लग्नापर्यंत गल्लीत धूर असणार, संध्याकाळी खिडक्या लावून घ्या.

गंगापूररोडचा एजंट

फक्त कागदाचं सांगतो. कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर कॅशलेसची मंजुरी आठवडाभर आधी टाकायला सांगा, दिवाळीत टीपीएचे (विमा कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्या एजन्सीचे) फोन लागत नाहीत. स्वतःची पॉलिसी असेल तर टॉन्सिलसारख्या ठरावीक ऑपरेशनना बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो (तोवर क्लेम मिळत नाही), तो आधी वाचा. घोरण्याचं आणि श्वास थांबण्याचं डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. नुसतं 'घसादुखी' लिहिलं की ऑपरेशन कशाला म्हणून प्रश्न काढत बसतात.

सातपूरकर

सगळ्यांचे आभार. सोमवारी पार पडलं, आज शनिवार, सहावा दिवस. शिफ्ट नाही म्हणून सविस्तर लिहितो.

सांगितलं पाच दिवस आधी, बुधवारी. आईला सिस्टरांचा औषधाचा मुद्दा वाचून दाखवला. 'करा तुमच्या मनासारखं' म्हणाली, म्हणजे होकार. चिकूला म्हणालो, तुझ्या घशात दोन आणि नाकामागे एक अशा गाठी मोठ्या झाल्यात, त्या डॉक्टर काढणार, तेव्हा तुला औषधाने झोपवणार. तो म्हणाला बरं. आणि बेडकाच्या गोष्टीचं पुस्तक घेऊन बसला. मला वाटलं संपलं, उगाच घाबरत होतो.

सिस्टर, तुमचं तंतोतंत खरं ठरलं. शुक्रवारी गाडीवर मागे बसलेला असताना, सातपूरच्या सिग्नलला, पाठीला तोंड लावून विचारतो, 'पप्पा, आजोबांसारखं झोपायचं का?'

माझे वडील मार्चमध्ये गेले. तेव्हा घरात सगळ्यांनी त्याला हेच सांगितलं होतं, आजोबा झोपलेत. मीही सांगितलं होतं. म्हणजे बुधवारपासून हे पोर ते डोक्यात घेऊन खेळत होतं, जेवत होतं, अनार लावत होतं. सिग्नल सुटला, मागून हॉर्न, मला गाडी पुढे नेता येईना. कडेला लावली. म्हणालो, नाही रे. आजोबा मेले होते. ती झोप नव्हती, आम्ही चुकीचं सांगितलं. तुझी औषधाची झोप असेल, एक डॉक्टर फक्त तुझ्या उशाशी बसून तुझा श्वास बघणार, काम झालं की ते औषध बंद करतात आणि तू उठतोस. त्याने विचारलं, 'ते मधेच चहाला गेले तर?' मी म्हणालो जात नाहीत, त्यांचं कामच ते आहे. तरी सोमवारी सकाळी त्याने स्वतः भूलतज्ज्ञ मॅडमना विचारलं, चहा झाला का. त्या म्हणाल्या झालाय, आता तू उठेपर्यंत कुठे जात नाही. मी त्या बाईंना मनातल्या मनात हात जोडले.

बाकी यादी कामी आली. करगोटा आईनेच सोडला, डोळे पुसत. भाऊबीजेला मामेबहिणीने त्याच्या दोन्ही करंगळ्यांना नेलपॉलिश लावून ठेवलं होतं, रविवारी रात्री काढलं. खालचा दात हलतोय म्हणून सांगितलं तर मॅडमनी तो आतच काढला आणि छोट्या डबीत घालून दिला. पाणी पहाटे पाचपर्यंत. दुधाच्या वेळी आई देवासमोर जाऊन बसली, स्वतःवर भरवसा नव्हता म्हणे.

ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारापर्यंत एकालाच जायचं होतं. बायको गेली. मी जिन्यात उभा राहिलो, कारण माझे हात थरथरत होते आणि ते त्याला दिसू नयेत. मशीनवर माझा हात दोन शतांश मिलिमीटरनेही हलत नाही असं सुपरवायझर म्हणतो. पन्नास मिनिटांनी हाक आली. शुद्धीवर येताना त्याने बायकोच्या गालावर फटका मारला, 'तू माझी मम्मी नाहीस' असं फाटक्या आवाजात ओरडला. आधी वाचलेलं होतं तरी ती बाथरूममध्ये जाऊन रडली. वीस मिनिटांनी शांत झाला आणि पहिलं वाक्य, 'दात कुठाय?'

मंगळवारी घरी. कालपासून कानाचं सुरू झालंय, वास, पांढरा थर, सगळं ताईंनी लिहिलं तसंच. माहीत नसतं तर काल रात्री मी इमर्जन्सीत असतो. दोनच्या गजराला मीच उठतो. माशांचा कागद आम्हीही लावला, फक्त मासे नाहीत, जेसीबी आहेत. खाणं म्हणजे गार पेज, मऊ तूपभात मिक्सरला फिरवून, आणि आईने केलेली गव्हल्यांची खीर, तीही गार करून. आइस्क्रीम दुसऱ्या चमच्यालाच नको झालं, तोंडात चिकटतं म्हणतो. तीन लिटरचा डबा फ्रीजरात तसाच आहे. रात्री दोनदा गादी ओली केली, तीन वर्षांनी. काही बोललो नाही, चादर बदलली.

निवृत्त सिस्टर

ओली गादी, आईला चिकटणं, रात्री दचकणं, हे दोन-तीन आठवडे चालतं. बोलला नाहीत ते चांगलं केलंत. घरातल्या कुणालाही बोलू देऊ नका. आज-उद्या दुखणं सगळ्यात जास्त, मग उतार. पुढच्या तीन-चार रात्री त्याच्या खोलीत कुणीतरी झोपा, गटक-गटक ऐकायला.

नाशिकरोडची आई

जेसीबी! आमच्या माशांपेक्षा भारी. आज किती झाले?

सातपूरकर

अकरा. बाराव्यासाठी वाटाघाटी चालू आहेत.

सातपूरकर

शेवटचं लिहून जातो, पंधरावा दिवस आहे. रक्त आलं नाही. वजन एक किलो उतरलं होतं, भरून येतंय. काल तपासणीला गेलो तर डॉक्टर म्हणाले खपली पूर्ण गेली, आता सगळं खाऊ दे. घरी आल्या आल्या चकलीचा डबा. आईने त्याच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या अकरा चकल्या मोजून घेतल्या, एक मऊ पडली म्हणून तक्रार केली. दात काल संध्याकाळी समोरच्या पत्र्यावर फेकला. आवाज बदललाय थोडा, नाकातून बोलायचा ते कमी झालं. आई म्हणते परकं पोर बोलल्यासारखं वाटतं.

घोरणं बंद झालंय. या आठवड्यात परत सेकंड शिफ्ट आहे. रात्री साडेबाराला येतो, उशाशी उभा राहतो, काहीच ऐकू येत नाही. मग वाकून त्याच्या नाकाखाली हाताची पालथी बाजू धरतो. काल त्याने डोळे न उघडताच विचारलं, 'पप्पा, चहा झाला का?'